फ्रीजवरची चादर

९ जानेवारी

दादा,

मोठ्या भावाला पत्र लिहिताना वर जे काही लिहायची पद्धत आहे ते लिहायला हात होत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. सोबत एक कागद आहे. शेवटी पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. पाकीट, तिकीट, पत्ता, सगळं आत घातलंय. तुला फक्त पेन उचलायचं आहे.

कागद कसला ते वाचून कळेल, पण तू न वाचता सह्या करणारा माणूस आहेस म्हणून सांगते. मालकीणबाई आपलं घर विकताहेत. त्यांच्या मुलाने परदेशातून धोशा लावलाय. घर त्यांनी आधी आम्हालाच देऊ केलं, भावही वावगा सांगितला नाही आणि जुलैअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर खालचा औषधवाला टपून बसलाच आहे. त्याला खोकी ठेवायला जागा हवी आहे. म्हणजे आई जिथे झोपते तिथे खोकल्याच्या औषधाची खोकी राहतील.

भाडेकरार अजून बाबांच्याच नावावर आहे. म्हणून वकील म्हणतात, मुलीने एकटीने घर घ्यायला वारसांपैकी कोणाची हरकत नाही असं लिहून आणा. वारस म्हणजे आई आणि आपण दोघं. तुझी हरकत असायचं काही कारण मला दिसत नाही. तुझं स्वतःचं घर आहे, त्याला बाग आहे असं आई समोरच्या शिक्षिका बाईंना सांगत असते. आपल्या घराला बाग नाही. न्हाणीघराच्या दाराला तू उलटी बसवलेली कडी मात्र अजून तशीच आहे. पाहुण्यांना आत कोंडून ठेवते.

पैसे मागत नाहीये, हे नीट वाच. बँकेचं माझं मी बघते. फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकत बसते.

बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

कागद मिळाला. लगेच पाठवलास, त्याबद्दल आभार. सोबतच्या चिठ्ठीत 'ठकी' लिहिलंस, ते पुन्हा नको. मी आता ठकी नाही, चष्मा लावते आणि केस रंगवते.

आई कशी आहे विचारलंस. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. सुईत दोरा मला ओवून द्यावा लागतो आणि मी ओवून दिला की ती रागावते. डॉक्टर म्हणाले करून टाका, पण घाई नाही. घराचं एकदा मार्गी लागलं की करू.

बँकेचं काय झालं विचारलंस. मागच्या पत्रात मी जरा तोऱ्यात लिहिलं होतं. त्याच आठवड्यात बँकेत गेले होते. कर्ज देणाऱ्या टेबलावर एक टाय लावलेला पोरगेला साहेब बसतो. माझी कागदपत्रं त्याने चाळली, नाव यंत्रात घातलं, थांबला, पुन्हा घातलं.

"मॅडम, तुमचं काहीच दिसत नाही."

"काहीच म्हणजे?"

"कर्ज नाही, कार्ड नाही, हप्ता नाही. कधीच नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आमच्या घरात कोणी कर्ज काढत नाही." मला वाटलं आता हा चहा मागवेल.

तो म्हणाला, "मग तुम्ही फेडता की बुडवता हे आम्हाला कसं कळणार?"

दादा, बाबांनी जन्मभर वजनकाट्यावर लोकांचे ट्रक तोलले आणि एक खिळासुद्धा उधारीवर घरात आणला नाही. मी त्यांचं ऐकलं. कपाट घ्यायचं तर आधी पैसे साठवले आणि तोवर कपडे ट्रंकेत ठेवले. आणि आता टायवाला सांगतो की मी यंत्रात नाहीच. तुझं मात्र सगळं दिसत असेल. गाडी, घर, कार्डं, त्या सगळ्यांचे हप्ते. तू घर सोडून पळालास आणि बँकेच्या दृष्टीने अब्रूदार झालास. मी घर सांभाळलं आणि मला कोणी ओळखत नाही.

टायवाला तसा वाईट नाही. त्याने पावतीच्या मागे मला लिहून दिलं. एखादी लहानशी वस्तू हप्त्यावर घ्या आणि सहा हप्ते ठरल्या तारखेला भरा. मध्ये चुकू नका. पगार सगळा बँकेतून घ्या, रोख नको. दुसऱ्या बँकांची दारं वाजवत फिरू नका. तुमची पदरची रक्कम एका जागी ठेवा, तिला हात लावू नका. सहावा हप्ता जुलैत गेला की या, त्याच आठवड्यात मंजुरीचं पत्र देतो.

म्हणून आम्ही फ्रीज घेतला. तू हसशील. हस.

मी आईला बसवून समजावलं. म्हटलं, "आई, हे कर्ज मुद्दाम काढलंय. बँकेला दाखवायला."

"मुद्दाम कोणी खड्ड्यात पडतं का?"

"घरासाठी, आई."

"फ्रीजचे पैसे देता येत नाहीत आणि घराचे देणार आहेस?"

फ्रीज आला त्या दिवशी तिने माणसांना जिन्यात हळू बोलायला लावलं. ते गेल्यावर त्याच्यावर जुनी चादर घातली, ती निळ्या पट्ट्यांची, तुझ्या पलंगावरची. समोरच्या बाईंना दार उघडलं की दिसू नये म्हणून. आणि आत काही ठेवायला तयार नाही. दूध ओट्यावर नासलं तरी चालेल. म्हणते, "तो अजून आपला नाही. दुसऱ्याच्या वस्तूत आपलं दूध कशाला ठेवायचं?" सध्या आत पाण्याची एक बाटली आहे, ती मी ठेवलेली. बाकी आतला दिवा तेवढा जळतो.

पहिला हप्ता पाच तारखेला भरला.

बहीण


२८ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. थोडे पैसे पाठवू का, असं विचारतोस. नको. एक पैसाही पाठवू नकोस. नाव लावतो, बँकेत तुझ्याबरोबर उभा राहतो, असं मात्र तू कुठे लिहिलं नाहीस. ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. लिहिलं असतंस तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण तुझं नाव कर्जाला लावलं की घरालाही लावावं लागतं असं टायवाला सांगत होता. पण तू लिहायला हवं होतंस.

पैसे देणं तुला नेहमीच सोपं गेलं. बाबा गेले तेव्हा आलास, दोन दिवस राहिलास आणि जाताना आईच्या हातात पाकीट ठेवलंस. ते मी तुझ्या बॅगेत परत टाकलं. तुला ते घरी पोचल्यावर सापडलं असेल. त्यावर तू काही लिहिलं नाहीस आणि मीही नाही, आणि तेव्हापासून आपलं हे असं आहे.

इकडची हकीकत सांगते. आमच्या दातांच्या लॅबचे मालक, ज्यांना आम्ही पाठीमागे अक्कलदाढ म्हणतो, अर्धा पगार पाकिटातून देत आले आहेत. मी सांगितलं की सगळा बँकेतून हवा. ते म्हणाले, "बाई, मग कर बसेल. तो कोण भरणार?" मी म्हटलं, मी भरेन. त्यांनी आनंदाने कापून घेतला. म्हणजे आता मी जास्त मिळवते असं दिसतं आणि हातात कमी येतं. भरून काढायला सुट्टीच्या दिवशीही कवळ्या करते. मेणात दात बसवताना हल्ली मान आखडते. परवा एका म्हाताऱ्याची कवळी परत आली, हसताना दात जास्त दिसतात म्हणून. मी विचारलं, हसतो कशाला इतका?

तीन हप्ते गेले आहेत. प्रत्येक पाच तारखेला मी जेवणाच्या सुट्टीत दुकानातल्या खिडकीवर जाऊन भरते आणि पावती आणते. आई पावतीकडे बघत नाही. तिला कर्जाने झोप लागत नाही. कोणी दार वाजवलं की आधी चादर सारखी करते, मग दार उघडते. मी म्हटलं, आई, वसुलीवाले कोणी येणार नाहीत, आपण वेळेवर भरतोय. ती म्हणाली, "वेळेवर भरतो असं सगळेच सांगतात. दादापण सांगायचा."

तू हप्त्यावर आणलेली स्कूटर आठवते ना? बाबांनी ती दुकानापर्यंत ढकलत परत नेली. चालवत नेली तर दुकानदाराचं पेट्रोल जळेल म्हणून. तू मागून खाली मान घालून चालत होतास आणि सगळी गल्ली बघत होती. जेवताना ते म्हणाले की हप्त्यावर जगणाऱ्याचं ताट या घरात वाढलं जाणार नाही. आई ताट घेऊन उभीच राहिली. दोन महिन्यांत तू गेलास. मी बाबांच्या बाजूने होते. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती आणि त्यात मला काही चूक वाटत नव्हतं. आता मी पाच तारखेला रांगेत उभी असते तेव्हा ते ताट डोळ्यांपुढे येतं.

अजून तीन हप्ते राहिले. मग घर आईच्या डोक्यावरून कोणी काढून घेऊ शकणार नाही. तोवर तू काही करू नकोस. काही न करणं तुला जमतं, त्याचाच आता उपयोग कर.

आई हल्ली समोरच्या बाईंकडे फोनवर बराच वेळ असते. तुझ्याशीच बोलत असावी. बोल. तिला बरं वाटतं.

बहीण


३ जून

पोटभर हसून झालं असेल तर ऐक.

आज पाचवा हप्ता भरायला गेले, दोन दिवस आधीच, कारण परवा लॅबमध्ये काम जास्त आहे. खिडकीतल्या मुलीने नंबर बघितला आणि हसली. म्हणाली, "मॅडम, तुमचं खातं तर बंद झालंय. अभिनंदन."

"बंद कसं? माझे दोन हप्ते राहिलेत." दोन म्हणजे बँकेपुरते. दुकानाचे खरं तर आठ राहिले होते.

"सगळे एकदम आलेत. आज सकाळीच."

मी म्हटलं, "काहीतरी घोळ आहे. ते पैसे परत करा आणि माझं कर्ज पुन्हा सुरू करा."

तिने माझ्याकडे बघितलं आणि आतून मॅनेजरला बोलावलं. तो आला. त्यालाही मी तेच सांगितलं. मागे लोक हसायला लागले. मॅनेजर मला समजावत होता, हळू आवाजात, वेडसर माणसाशी बोलतात तसा. "बाई, तुमच्यावर आता काही बाकी नाही. तुम्ही घरी जा." पाकीट परत टाकता येतं, दादा. फेडलेलं कर्ज परत मागता येत नाही. मी मागून बघितलं.

घरी आले तर ती चादर धुऊन दोरीवर वाळत टाकलेली. फ्रीज उघडा-बोडका उभा, पुसून लख्ख केलेला. दार उघडलं. आत दूध, अंडी, भाज्या, आईचे डोळ्यांचे थेंब, पावाची लादी. मिठाची बरणीसुद्धा आत ठेवली होती. कुठेही बोट घालायला जागा नव्हती.

आई स्टुलावर बसली होती. म्हणाली, "आता आपला झाला."

"कोणी भरले?"

"दादाने पाठवले. मी समोरच्या बाईंना घेऊन दुकानात गेले, मोजून दिले, पावती आणली." आणि मग म्हणाली, "तू मला मुद्दाम काढलंय, मुद्दाम काढलंय सांगत होतीस. आईला कळत नाही का? सुट्टीच्या दिवशी कोणी मुद्दाम कामाला जातं?"

इतक्या वर्षांत तिला इतकं खूश मी बघितलं नव्हतं. तिने मला बाटलीतलं गार पाणी दिलं आणि मी ते प्यायले.

तुला मात्र बोलणार आहे. तुला स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, एक पैसा पाठवू नकोस. सहा हप्ते कशासाठी हवेत हेही लिहिलं होतं. तुला वाचता येतं ना? का बहिणीवर उपकार करायची संधी पुन्हा कधी येईल म्हणून राहवलं नाही? त्या पाकिटाचा सूड घ्यायचा होता तर दुसरं काही तरी घ्यायचंस. माझी एवढी एकच गोष्ट होती. दोन हप्ते राहिले होते, दादा.

खाली काही लिहीत नाही.


७ जून

दादा,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि टाकल्याबरोबर परत काढावंसं वाटलं. तेही काढता येत नाही.

काल टायवाल्याकडे गेले. त्याने यंत्रात पाहिलं. चार हप्ते दिसतात, मग एकरकमी भरणा, मग खातं बंद.

"लवकर फेडलं, ते चांगलं नाही का?" मी विचारलं.

"चांगलं आहे, मॅडम. पण आम्हाला नियमित लागतं. सहाचा नियम आहे, चारला फाइल पुढे सरकतच नाही." त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्याने टाय सैल केला. मग म्हणाला की आता एकच रस्ता आहे. चांगली पत असलेलं घरातलं कोणी माझ्याबरोबर अर्जाला उभं राहिलं तर अजूनही जुलैत होऊ शकेल.

घरातलं कोणी म्हणजे कोण, ते तुला माहीत आहे.

तेव्हा हे पत्र. मी जे कधी लिहिणार नव्हते ते लिहिते आहे, आणि लिहिताना दातओठ खाते आहे हे तुला दिसत नाही ते बरं. नाव लाव. घराला पण लाव, अर्धं घर तुझं. पुढे विकायचं झालं तर अर्धे पैसे घे. हप्ते सगळे मी भरेन, तुला काही तोशीस पडू देणार नाही. फक्त एकदा ये आणि सही कर. आईला सांगू, तिच्या डोळ्यासाठी आलास.

लवकर कळव. मालकीणबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी बहीण


२१ ऑगस्ट

दादा,

वरचा पत्ता नवा आहे, तो लिहून ठेव. घर औषधवाल्याने घेतलं. शेवटच्या दिवशी त्याची माणसं मोजमाप घ्यायला आली आणि त्यातला एक न्हाणीघरात अडकला. बाहेरून दार उघडेपर्यंत तो तुझ्या कडीला शिव्या देत होता. मी सावकाश गेले उघडायला.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहावं हे मला ठरवता येत नव्हतं. अजूनही नीट ठरलेलं नाही.

मार्चपासून तुला नोकरी नाही. घराचे तीन हप्ते थकलेत आणि बँक तुझ्या दाराशी आली आहे. नाव लावून उपयोग नव्हता, उलट माझा अर्ज बुडाला असता, म्हणून एप्रिलमध्ये तू ते लिहिलं नाहीस. आणि मी ते धरून बसले. आईला तू अजून बागेबद्दल सांगत असतोस. बागेत सध्या काय लावलंय ते एकदा मलाही सांग.

आणि ते पैसे तू फ्रीजसाठी पाठवलेच नव्हते. आईने तुला डोळ्याच्या ऑपरेशनचे म्हणून मागितले. तिने जन्मात पहिल्यांदा कोणाकडे हात पसरला आणि पहिल्यांदाच खोटं बोलली. तू नाही म्हणू शकला नाहीस आणि नोकरी गेल्याचं सांगूही शकला नाहीस. कार्डावर काढून पाठवलेस. म्हणजे माझं लहान कर्ज फेडायला तुझ्या डोक्यावर मोठं कर्ज आलं, आईचा डोळा तसाच राहिला आणि घर गेलं. आपण तिघं एकमेकांशी सरळ बोललो असतो तर यातलं काही झालं नसतं. पण आपलं घर बाबांनी वाढवलेलं आहे.

मी तुला जे लिहिलं होतं, सुडाचं वगैरे, ते तुला लागलं असेल. लागायलाच लिहिलं होतं. ते फाडून टाक.

नव्या ठिकाणी एकच खोली आहे आणि स्वयंपाकाला कोपरा. जिना नाही, हे आईला आवडलं. फ्रीज खोलीत मावला नाही म्हणून दाराबाहेर बोळात ठेवलाय. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जातात. आईला त्याचं काही नाही, उलट बरंच वाटतं. प्रत्येकाला थांबवून सांगते, "माझ्या मुलाने बहिणीचं कर्ज फेडलं. एका दमात." बाबांच्या फोटोशेजारी तुझा फोटो लावलाय, तो इतकी वर्षं तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होता हे मला माहीतच नव्हतं. परवा जेवताना म्हणाली, "ते असते ना, तर आता त्यांनीच दादाला बोलावून घेतलं असतं. त्याच्यासाठी ताट मी वाढलं असतं." आणि माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे मी हो म्हणावं म्हणून. मी हो म्हटलं.

घर का मिळालं नाही हे तिला कळलेलं नाही. तिला वाटतं टायवाला लबाड होता. त्याच्या नावाने ती रोज बोटं मोडते आणि मी मोडू देते. तो बिचारा चांगला माणूस आहे, पण त्याला काही इथे राहायचं नाही. तेव्हा तुला एवढंच सांगणं आहे, आणि हे मात्र शब्दशः ऐक. आईला कधीही सांगू नकोस. त्या पैशांनी काय झालं हेही नाही आणि ते कुठून आले हेही नाही. तिने आयुष्यात एकच व्यवहार स्वतःच्या मनाने केला, तो तिला बरोबर वाटू दे.

डोळ्याचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात केलं, माझ्या पदरच्या रकमेतून. त्या रकमेला हात लावू नका असं टायवाला म्हणाला होता. पट्टी काढल्यावर तिने पहिल्यांदा काय बघितलं असेल तर फ्रीजच्या दारावरचा ओरखडा. सामान हलवताना पडलेला. हमालाला शोधून आणायला निघाली होती. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू कधी एवढी म्हातारी झालीस?"

उरलेली रक्कम बँकेत आहे. तुझे थकलेले तीन हप्ते त्यातून भरता येतील, मी हिशोब करून बघितला. पण पाठवणार नाही. वाईट वाटून घे हवं तर. एखादी लहान जागा कुठे तरी मिळेल, दूर, गावाच्या टोकाला, आणि तेव्हा मला ते लागतील. तू नोकरी शोध. तुला बोलता येतं, मिळेल.

आता शेवटचं. मी पुन्हा सुरुवात केली आहे. एक फोन घेतला आहे, हप्त्यावर. मला त्याचा काही उपयोग नाही, खोक्यातून बाहेरही काढलेला नाही. लॅबमध्ये माझ्या खणात ठेवलाय, जुन्या कवळ्यांच्या डब्याखाली, आणि अर्जावर पत्ताही लॅबचाच दिला आहे. अक्कलदाढ विचारत होते, एवढी लपवाछपवी कशाला, कर्जच काढलंय ना, चोरी तर केली नाही? आईला माहीत नाही. समोरच्या बाई तर आता नाहीतच. जगात फक्त तुला सांगते आहे, ते का सांगते आहे हे मला विचारू नकोस.

पहिला हप्ता पाच तारखेला भरला. अजून पाच आहेत. दुकान कुठलं ते लिहीत नाही. तुझ्या हातात चार पैसे आले, तुला माझी दया आली, आईने रडून काही मागितलं, काहीही झालं तरी एवढं कर. हे फेडू नकोस.

ठकी